उंच सीट

शेजारची नर्स वर्षभरात छोटी मोटारसायकल इतक्या सफाईने चालवू लागली, की गॅरेजवालाच म्हणाला, ‘ताई, आता मोठी घ्या.’ दुकानात तिने आपल्या आईबरोबर मलाही नेलं. मोठ्या गाडीवर ती बसली आणि काय तो रुबाब! आमच्या नाटकात अशा एंट्रीला हमखास टाळी पडायची. मग आई मागे चढू लागली. सीट उंच, गुडघा काही वाकेना.

‘घे गं तू. मला मेलीला कुठे जायचंय?’

पण आईला घराबाहेर नेणारं दुसरं होतं कोण? लेकीने किल्ली परत दिली.

जुन्या गाडीवरून निघताना आई म्हणाली, ‘अगं, जरा जोरात चालव की!’

‘एवढीच पळते ही, आई.’