दिवस राहण्याआधीची गोळी

न्हावऱ्याहून थोरल्या दिरांचा फोन आला तेव्हा मी दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, कणीक मळत होते. "अलका गेली," एवढंच ते बोलले. माझ्या मोठ्या जाऊबाई, अलकाताई, गोठ्यात कोसळल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं... महिना उलटला, तरी पटत नाही.

त्यांचं पहिलं बाळंतपण नव्वदच्या दशकातलं. मुलगा झाला. पाठीवर, कण्याच्या जागी, उघडी गाठ. पाय हलत नव्हते. काही दिवसांतच तो गेला. ग्रहणात विळी हातात धरली म्हणे, असं घरात सगळे त्यांनाच बोलायचे. मी त्यांना दौंडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "बाळाचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच जुळतो, आईला दिवस गेल्याचं कळायच्या आत. पुढच्या वेळी आधीपासूनच फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज घ्यायची, मी लिहून देते तेवढीच. धोका पुष्कळ कमी होतो, खात्री मात्र देता येत नाही."

"त्याच्या येळी खाल्ली आसती तर?" ताईंनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "टळलंही असतं कदाचित..."

त्या 'कदाचित'नं ताईंना पुढं कधी स्वस्थ बसू दिलं नाही.

मग सासूबाईंना गोळ्या सापडल्या. दिवस नाहीत आणि गोळ्या कसल्या? म्हणजे मूल होऊ नये म्हणूनच, असा त्यांचा समज. भावकीतल्या बायकांसमोर त्या ओरडल्या, "हिला पोरच नको हाय!" आणि पाकीट उकिरड्यावर भिरकावलं. दीर खाली मान घालून बसले. ताई उठल्या, पाकीट शोधून आणलं, पदरानं पुसलं आणि सगळ्यांदेखत गोळी तोंडात टाकली. "पोर पायजे म्हणूनच खाते, आत्या. घालवून दिलं तरी खानार."

पुढं मनीषा झाली. नर्सनं मुलगी असल्याचं सांगितलं, ते ताईंनी ऐकलंच नाही. आधी तिला पालथं घेतलं, पाठीवरून बोटं फिरवली आणि मग रडल्या. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या. पण मनीषा अंगणात धावायला लागली तेव्हा म्हणाल्या, "ही पळती तवा मला त्याचं पाय दिसत्यात गं."

ताईंच्या दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. मनीषा तांब्या भरून मागच्या दारानं निघाली, तशी मी तिच्या मागं गेले. बांधाजवळच्या तगरीच्या बुडाशी तिनं पाणी ओतलं. बाळाला तिथं पुरलंय, हे मला ठाऊक होतं. वर ताईंनी झाड लावल्याचं ठाऊक नव्हतं.

"आई रोज घालायची," ती म्हणाली. "दादाला."