‘बंद खाण’मधल्या इन्स्पेक्टरचा आवाज

आधीच सांगून टाकतो — भूतखेत, आत्मा, संकेत, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. हॉरर सिनेमा केला म्हणजे माणूस भुतं मानतो असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नसतं. कोकमाच्या आगळात साखरेचा पाक घालून चार बादल्या रक्त स्वतःच्या हाताने ढवळलं की भीती आपोआप जाते. त्यामुळे खाली लिहिलंय ते वाचून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. पण हसून झालं की कारणही सांगावं, कारण मला अजून ते सापडलेलं नाही.

मी डिचोलीला राहतो. लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे व्हिडिओ करतो. मूळ गाव पेडणे तालुक्यात, मोपाच्या पठाराखाली. आई-बाबा तिथेच. बाबा खाणीच्या काट्यावर ट्रकांचं वजन करायच्या कामाला होते, खाणी बंद झाल्या आणि ते घरी बसले. पण ती झाली नोकरी. गावात बाबांची ओळख होती ती जत्रेतल्या नाटकातला नट म्हणून. चाळीस वर्षं त्यांनी राजे, सरदार, सेनापती केले. लाइट गेली आणि माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू जायचा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा मित्रांनी मिळून ‘बंद खाण’ नावाचा सिनेमा केला. बंद पडलेल्या खाणीवर मुखवटा घातलेला एक माणूस जुन्या कामगारांना एकेक करून मारतो आणि पेडण्याहून आलेला इन्स्पेक्टर त्याच्या मागावर असतो. थोडी क्राइम स्टोरी, बाकी कोयता. शूटिंग डिचोलीहून शिरगावला जाताना लागणाऱ्या एका बंद प्लांटवर केलं. इन्स्पेक्टर अर्थातच बाबा. फुकटात मिळालेला नट, शिवाय पोटही इन्स्पेक्टरला शोभेल असं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकत होती, ती म्हणजे त्यांचा आवाज. तो नाटकी वाटायचा आणि बोलण्यात पेडणं ठासून भरलेलं. शेवटाकडे एक सीन आहे. वाचलेली एकटी मुलगी प्लांटच्या केबिनमध्ये कडी लावून बसलीय आणि इन्स्पेक्टर बाहेरून म्हणतो, “दार उघडा, पोलीस आहे.” बाबा दर टेकला भलतंच काहीतरी म्हणायचे. मी चिडायचो. “लिहिलंय तसं बोला ना बाबा, पुण्या-मुंबईच्या लोकांनी बघायचाय सिनेमा.” ते मान डोलवायचे आणि पुन्हा स्वतःचंच बोलायचे.

शेवटी मी त्यांचं डबिंग दुसऱ्याकडून करून घ्यायचं ठरवलं. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला दत्ता, मूळ कोल्हापूर जिल्ह्यातला, त्याचा आवाज भारदस्त आहे आणि भाषा स्वच्छ. दोन संध्याकाळी बसून त्याने सगळं काम उरकलं.

आणि बाबा तिकडे गावात डबिंगची वाट बघत होते. आईने नंतर सांगितलं, आठ दिवस मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होते, दही बंद केलं होतं, सीनचे कागद घेऊन पडवीत बसायचे. मी फोनवर फक्त एवढंच म्हटलं, “बाबा, डबिंग झालं. तुम्हाला यायची गरज नाही.”

ते म्हणाले, “बरां झालां. काम झालां मा?”

बारा दिवसांनी बाबा गेले. हार्ट अटॅक. त्यांच्या जागी दुसऱ्याचा आवाज घातलाय हे मी त्यांना सांगितलंच नाही. घाबरट होतो, दुसरं काय!

पहिला शो डिचोलीत एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकराला. बाहेर पडताना प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली — सिनेमा कसा वाटला, खरं लिहा, नाव नको. लोकांनी अगदीच खरं लिहिलं. ‘रक्त बघून सोलकढी आठवली.’ ‘खुनी मुखवटा बदलतो, चप्पल का बदलत नाही?’ ‘मेलेला माणूस जिवंतपणी एवढा हलला असता तर वाचला असता.’ ‘क्राइम आहे की कापाकापी ते आधी ठरवा.’ मी चहा पीत वाचत होतो आणि खरं सांगायचं तर मजाच येत होती.

पण चिठ्ठ्यांच्या त्याच गठ्ठ्यात बऱ्याच जणांनी एकाच गोष्टीची स्तुती केली होती. ‘इन्स्पेक्टरचा आवाज जबरदस्त.’ ‘इन्स्पेक्टर एकदम आमच्या पेडण्याचा वाटला.’ आणि एका चिठ्ठीवर पेन्सिलने — ‘दार उघड गो बाय, भियाव नको, मी आसंय... इथे रडू आलं.’

मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. बाबा शूटिंगला दर टेकला नेमकं हेच म्हणायचे.

लगेच कारण शोधलं, सापडलंही. कॅमेऱ्यावरचा मूळ आवाज चुकून राहिला असणार. रात्रीपर्यंत थांबलो नाही, तसाच घरी जाऊन कॉम्प्युटर उघडला. पण आमच्याकडे होती दोनच मेमरी कार्डं. रोज संध्याकाळी नुसतं चित्र कॉपी करून कार्ड पुसायचो, आवाज सगळ्यांचा नंतर डबच करायचा होता म्हणून ठेवतच नव्हतो. बाबांचा आवाज कुठेही नव्हता. सिनेमा लावला. दत्ताचाच आवाज. “दार उघडा, पोलीस आहे.” स्वच्छ, कोरडा.

मग म्हटलं, ओळखीचे लोक आहेत, चेहरा बघून आवाज आठवत असेल. ठीक. पण सिनेमा नेटवर टाकल्यावर खाली बेळगावच्या कुणीतरी लिहिलं, ‘पिक्चर टुकार, पण इन्स्पेक्टरची गोव्याकडची बोली फार गोड. कोण आहेत हे?’ या माणसाने बाबांना जन्मात पाहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात दुपारी दत्ताचा फोन आला. नाराज होता.

“दादा, माझा आवाज आवडला नव्हता तर तोंडावर सांगायचं की. घरच्या समद्यांस्नी बसवून पिक्चर लावला, आणि इन्स्पेक्टरच्या तोंडी दुसराच माणूस बोलतोय. बायको हसाय लागली.”

मी त्याला तसाच बोलावून घेतलं. एकाच कॉम्प्युटरला दोन हेडफोन लावले, एक त्याच्या कानावर, एक माझ्या. सीन लावला. माझ्या कानात दत्ता म्हणाला, “दार उघडा, पोलीस आहे.” आणि शेजारी बसलेला दत्ता, त्याच आवाजात, मान हलवत म्हणाला, “ह्यो मी न्हवं, दादा.”

खोलीत ऊन होतं, खाली रस्त्यावर पाववाल्याचा हॉर्न वाजत होता, आणि मला उठून दार उघडायचीही हिंमत होत नव्हती.

जाताना दत्ता म्हणाला, “माझं नाव तेवढं काढा. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव नको.” मी त्याच दिवशी काढलं. त्या जागी बाबांचं नाव घातलं. ते खरं होतं की खोटं, मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून मी हट्टाला पेटलो. हेडफोन बदलले, स्पीकर बदलले, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. कान उत्तम आहेत. ज्यांना काहीच ठाऊक नाही अशांना बसवून ऐकवलं, प्रत्येकाला ऐकलेलं कागदावर लिहायला लावलं. सगळ्यांनी ‘बाय’ लिहिलं. फक्त माझ्या कागदावर ‘पोलीस’.

गावी गेलो तर आई मोबाइल घेऊन बसलेली. दुपारचं जेवण झालं की ती तो एवढाच सीन लावते, हे मला माहीत नव्हतं. मी शेजारी बसलो. म्हटलं, “आई, हा बाबांचा आवाज नाही. मी दुसऱ्याकडून करून घेतलाय. त्यांना न सांगता.”

तिने मान वर केली नाही. “हेंचोच तो. चाळीस वर्सां आयकलंय, माका कळाचो नाय?”

“मला नाही ऐकू येत, आई. सगळ्यांना येतो, मला एकट्याला येत नाही.”

आता ती काहीतरी बोलेल, निदान रागावेल असं वाटलं. तिने मोबाइल आमच्या दोघांच्या मधे धरला आणि म्हणाली, “परत लाव.” त्या दुपारी आम्ही तो सीन किती वेळा लावला कोण जाणे. ती ऐकत होती आणि मी नुसता बघत होतो. मी लहान मुलासारखा रडलो, हेही लिहून टाकतो.

मागच्या महिन्यात गावच्या देवळाच्या सभागृहात शो ठेवला. संध्याकाळी पाचला. बाबांच्या नाटकमंडळीतले झाडून सगळे आले होते. पुढच्या रांगेत सोमाकाका, बाबांच्या नाटकांचे जुने प्रॉम्प्टर. या वेळी मी वेगळं करायचं ठरवलं. पडद्याखाली कोपऱ्यात स्टूल टाकलं आणि पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसलो. कान दगा देत असतील तर डोळ्यांनी बघू.

कापाकापी चालू असताना लोक हसत होते, मुलं ओरडत होती. मग केबिनचा सीन आला. माझ्या पाठीमागे दत्ता बोलला, “दार उघडा, पोलीस आहे.” संपलं. दोन सेकंदांचं वाक्य.

पण समोर संपलेलं नव्हतं. सगळं सभागृह अजून ऐकत होतं. पोरंसुद्धा गप्प. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सोमाकाका किंचित पुढे झुकले, पुढचं वाक्य द्यायचं असावं तसे, आणि मग देण्याची गरज नाही हे कळून पुन्हा मागे टेकले. कुठे शब्द आला, कुठे बाबा थांबले, कुठे त्यांनी आवाज हळू केला, हे मला समोरच्या शंभर-दीडशे चेहऱ्यांवर दिसत होतं. माझ्या कानात फक्त पंख्याची घरघर. मी त्यांना किती वेळा मधेच तोडलं होतं, “बाबा, पुढे, पुढे” म्हणून. त्या संध्याकाळी त्यांना सावकाश, पूर्ण बोलू दिलं.

हे काय आहे ते मला माहीत नाही. कुणी मानसिक म्हणतं, कुणी देवाला सांगणं, म्हणजे गाऱ्हाणं, घाला म्हणतं. सांगणंही घातलं. फरक पडलेला नाही. आता जिथे कुणी बोलावेल तिथे मी ‘बंद खाण’ घेऊन जातो, सिनेमा कितीही टुकार असला तरी. स्टूल माझं मी नेतो. माझ्या वाट्याचं ऐकू येईपर्यंत पडद्याकडे पाठ करून बसणार आहे.