बदल्यांचा दिवस आणि तांबोळी बाई

तांबोळी बाई वर्षभर कुणावर ना कुणावर चिडलेल्या असत आणि वर्षातून एकच दिवस खुशीत असत. जिल्ह्याच्या हॉकी लीगमध्ये खेळाडूंना क्लब बदलण्याची मुदत ज्या दिवशी संपते, तो हा दिवस. बाई महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. अंगात ताप असला तरी वर्गावर येत. पण बदल्यांच्या शेवटच्या दिवशी त्यांची किरकोळ रजा ठरलेली. मी त्यांच्याच वर्गात होतो. त्या दिवशी आम्हाला शेजारच्या वर्गात कोंबत, आणि बाई कुठे गेल्यात हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत असे.

नियम साधा होता. जुना क्लब सोडायचा तर त्या क्लबची सही आणि शिक्का असलेला फॉर्म संध्याकाळी पाचच्या आत संघटनेच्या कचेरीत पोचला पाहिजे. पाच वाजून गेले की वर्षभर आहात तिथेच. बाई सकाळी दहालाच शनिवार पेठेतून निघून कचेरीच्या व्हरांड्यात येऊन बसत. कुणाच्या हातात फॉर्म आहे, कोण उगाच घुटमळतोय, कुणाला कुठल्या क्लबने चहाला नेलंय, सगळ्यावर त्यांची नजर. पुढे मी आमच्या क्लबकडून फुलबॅक खेळायला लागलो. तेव्हा आदल्या आठवड्यात त्यांचा फोन यायचा आणि कोण कुठे जाणार याचे अंदाज त्या मला चक्क लिहून घ्यायला लावायच्या. बहुतेक बरोबर निघत. "सामना तासाभरात संपतो रे," त्या म्हणायच्या, "कोण कुणाकडून खेळणार ते वर्षभर पुरतं."

आमचा क्लब हा त्यांचाही क्लब, कारण त्यांचे थोरले भाऊ त्यात खेळले होते. भाऊ गेले, मैदानावर गवताच्या जागी हिरवं टर्फ आलं, बाई येतच राहिल्या. क्लब सोडून जाणाऱ्या पोरांवर त्या रागावतील असं नवख्यांना वाटे. पण त्यांच्यावर त्या कधीच रागावल्या नाहीत. फॉर्म देऊन बाहेर आलेल्या पोराला थांबवून म्हणत, "जा. आमच्यावर गोल मारलास तर टाळी वाजवणार नाही, पण शिवीही देणार नाही."

राग होता तो खुर्चीवाल्यांवर, म्हणजे पुढे मीही ज्यांत जाऊन बसलो त्या पदाधिकाऱ्यांवर. एकदा फायनलच्या आधी आमच्या सेक्रेटरींनी बोलावलेले पाहुणे भाषणाला उभे राहिले. दोन्ही संघ भर उन्हात ओळीने उभे, आणि पाहुणे खेळाचं जीवनातलं महत्त्व सांगत होते. बाई प्रेक्षकांतून उठल्या, मंडपाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपण सावलीत आहात म्हणून आपल्याला वेळेचं भान नाही. या मुलांना खेळायचंय." पाहुण्यांनी भाषण आवरलं. आमच्या सेक्रेटरींनी मात्र तो अपमान मनात ठेवला.

चार वर्षांपूर्वी जे झालं त्याचा संताप अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरच्या रागाचा आहे.

तोवर माझं खेळणं सुटलं होतं. खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आणि क्लबमध्ये सहसेक्रेटरीचं पद. सेक्रेटरींखालोखाल सहीचा अधिकार माझा, शिक्काही माझ्याच बॅगेत. आमच्या मुलींच्या संघात वैशाली नावाची सेंटर फॉरवर्ड होती. कर्वेनगरची. आई पोळीभाजी केंद्र चालवायची, वडील नव्हते. मुलगी इतकी वेगवान की तिच्यावर दोन डिफेंडर ठेवावे लागत. एका सरकारी खात्याच्या संघाने तिला शब्द दिला होता: हा हंगाम आमच्याकडून खेळ, मग खेळाडूंच्या जागेवर नोकरीत घेऊ. तिने आठवडाभर आधी माझ्याकडे फॉर्म आणला. सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. या वर्षी मुलींचा संघ फायनलला जाईल, ही गेली तर आपलं काय राहिलं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, नाही कसं म्हणायचं? ते हसले. "नाही म्हणू नका. फक्त सापडू नका."

आणि मी सापडलो नाही. "बघतो," "उद्या देतो," असं म्हणत सहा दिवस काढले. शेवटच्या दिवशी सेक्रेटरी साताऱ्याला निघून गेले आणि मी फोन बंद करून ऑफिसात बसलो.

व्हरांड्यात बसलेल्या बाईंनी वैशालीचा चेहरा पाहिला आणि सगळी हकीकत काढून घेतली. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या, सत्तरीला टेकल्या होत्या. त्या वैशालीच्या स्कूटीवर मागे बसल्या आणि दोघी थेट खराडीला आल्या. दोनच्या सुमारास गेटवरून निरोप आला, खाली तांबोळी बाई थांबल्यात. मी सांगितलं, मीटिंगमध्ये आहे म्हणावं.

मीटिंग वगैरे काही नव्हती. पाचव्या मजल्याच्या काचेतून मला त्या दिसत होत्या. बाई डोक्यावर पदर घेऊन गेटशेजारच्या कठड्यावर बसलेल्या, वैशाली फुटपाथच्या कडेला, मांडीवर प्लास्टिकची फाइल. सिक्युरिटीवाला त्यांना उठवायला आला, बाई त्याला काहीतरी बोलल्या, तो परत गेला. चार वाजले. आता सही मिळाली तरी रस्त्यावरच्या गर्दीतून पाचच्या आत कचेरी गाठणं शक्य नव्हतं, हे बाईंना माझ्याइतकंच कळत होतं. तरी त्या उठल्या नाहीत.

सव्वापाचला मी खाली गेलो. तोंडात वाक्य तयार होतं, "सॉरी बाई, आत्ताच कळलं."

बाईंनी ते बोलू दिलं नाही. विचारलं, "शिक्का कुठे आहे?"

"बॅगेत."

"म्हणजे वरच होता."

वैशाली माझ्याकडे बघतही नव्हती. ती फाइलचं बटण लावत होती, उघडत होती, पुन्हा लावत होती.

बाई ओरडतील याची मी वाट पाहत होतो. त्या अगदी हळू बोलल्या. "तुझ्यावर चिडून काय करू? इतकी वर्षं मी त्या व्हरांड्यात बसून मजा बघत आले. कुणाला सही मिळाली, कुणाला नाही, घरी जाऊन रंगवून सांगायचे. ज्याला मिळाली नाही तो कुठे गेला, हे एकदाही विचारलं नाही. माझीच लाज वाटते मला."

मग वैशालीच्या खांद्याला धरून त्या उठल्या आणि स्कूटीवर बसून निघून गेल्या.

खात्याने दुसरी मुलगी घेतली. पुढच्या वर्षी जागाच निघाली नाही. वैशालीने हंगामातले दोन सामने खेळले आणि स्टिक ठेवून दिली. आता आईच्या केंद्रावर बसते. तिच्याविना आमचा संघ बाद फेरीतल्या पहिल्याच सामन्यात हरला. बाईंनी संघटनेकडे तीन पानी तक्रार दिली, त्या वळणदार शाळामास्तरी अक्षरात, आणि दर सोमवारी त्या विचारपूस करायला जात राहिल्या. दर सोमवारी त्यांना सांगण्यात आलं की साहेब बाहेर आहेत. मात्र त्यानंतर बदल्यांच्या दिवशी त्या कधीच आल्या नाहीत, मैदानावरही नाहीत. मी एकदा धीर करून शनिवार पेठेत त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, चहा-खारी पुढे केली, माझ्या मुलीची शाळा विचारली. मी विषय काढणार तोच म्हणाल्या, "चहा घे. हॉकीचं बोलू नकोस." मी चहा घेऊन परतलो.

या वर्षी फेब्रुवारीत बाई गेल्या. क्लबने शोकसभा ठेवली. हार घातलेला फोटो, पुढे खुर्च्या, आणि माइकवर सेक्रेटरी. बाईंचं क्लबवर निस्सीम प्रेम होतं, त्या आमच्या आधारस्तंभ होत्या, शेवटपर्यंत त्यांचा आशीर्वाद पाठीशी होता. मी उठलो, माइक घेतला, आणि साताऱ्यापासून सव्वापाचपर्यंत सगळं सांगितलं. सेक्रेटरींनी काय सांगितलं ते आणि मी काय केलं तेही. कुणीतरी "ही वेळ नव्हे" म्हणालं. सेक्रेटरी उठून गेले. मी राजीनामा तिथेच एका कागदावर लिहून टेबलावर ठेवला.

वैशाली मागच्या रांगेत होती, हे मला बोलून झाल्यावर दिसलं. सभा मोडल्यावर मी तिच्यापाशी गेलो. खरं सांगायचं तर ती काहीतरी बरं बोलेल अशी आशा होती मला.

"बोललात ते ठीक केलंत, दादा," ती म्हणाली. "पण मी ते ऐकायला आले नव्हते. बाईंसाठी आले होते."

आणि ती फोटोकडे गेली.