चिंचोक्यांची पुरचुंडी

एका शाळेच्या प्रस्तावासोबत आलेली चिंचोक्यांची पुरचुंडी मी कचरा समजून टोपलीत टाकली आणि वर शेरा मारला, ‘साहित्याचा नमुना जोडलेला नाही.’ नव्या शिकवण्याच्या पद्धतींना शासनाचं अनुदान द्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या समितीत मी होतो. त्या शेऱ्यावर प्रस्ताव फेटाळला गेला.

पुढे भेटीसाठी त्याच शाळेत गेलो. व्हरांड्यात पहिलीतली एक मुलगी चिंचोके चाचपत हिशेब करत होती. गुळगुळीत चिंचोका म्हणजे एकक, खाच पाडलेला म्हणजे दशक. तिला दिसत नव्हतं. बाई म्हणाल्या, अनुदान मिळालं असतं तर तालुक्यातल्या अशा सगळ्या मुलांसाठी संच करणार होतो.

मी तिची बोटं बघत राहिलो. नवं काही आलं की ते चकचकीत फायलीतून, रंगीत फोटोंसकट येणार, अशी माझी पक्की समजूत. ते झाडाखाली वेचलेलंही असू शकतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

न राहवून बाईंना पुरचुंडीचं खरं सांगितलं. त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

“आमची ही पोर काही टाकण्याआधी हात लावून बघते हो, सर. तुम्ही तर डोळे असून पुरचुंडी सोडूनही बघितली नाहीत.”