कामकाजातून काढलेले शब्द

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की लघुलेखक नागसेन गजघाटे सभागृहात बसून शब्दन् शब्द टिपून घेई. यंदा ‘परस्परांच्या संस्कृतीचा आदर’ या विषयावर दोन तास चर्चा झाली. सन्माननीय सदस्यांनी एकमेकांच्या जेवणाचा, बोलीचा अन् बापजाद्यांचा यथेच्छ उद्धार केला. अध्यक्षांनी ते सारं कामकाजातून काढायला लावलं, तेव्हा कागदावर नमस्कार आणि आभार तेवढे उरले.

घरी येताच शेजारच्या बिस्वासांकडून माशांचा वास आला.

"काय सडकं तळून राहिले हे लोक," नागसेन अंगणातूनच गरजला.

कुंपणापाशी बिस्वासबाई त्याच माशांची वाटी घेऊन उभ्या होत्या.

नागसेन बायकोला हळूच म्हणाला, "प्रेमिला, हे कामकाजातून काढून टाक वं."

"म्या काढलं जी. तिच्या कानातून तुमीच काढा."