गोजाबाईचा कौल

गोजाबाईला मोशी गाव चेटकीण म्हणू लागलं ते कधी? दिल्लीत विधवेला जमिनीचा पुरा हक्क देणारा कायदा झाला तेव्हा! तोवर ती नवऱ्यामागं इंद्रायणीकाठी कांदा पिकवून चाकणच्या बाजारात गड्यांच्या बरोबरीनं भाव करणारी साधी बाई होती. जमीन तिची झाली आणि लगेच तिचं चेटूक गावाला दिसलं.

चेटूक तिला येत होतं, हे खरं. ती नुसती पुटपुटली की मारका बैलही गुमान बसायचा. पण ही विद्या सासूनं दिलेली, आणि सासू होती तोवर तिच्यासमोर तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती.

शेतावर डोळा होता दिराचा, नानासाहेबांचा. त्यांनी देवीला कौल लावायचं ठरवलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. चेटकीण ठरली की गोजाबाई गावाबाहेर आणि शेत दिराकडे.

सगळ्या गावासमोर गुरवानं विचारलं, "आई, ही बाई चेटकीण हाय का?"

उजवी कळी टपकन पडली. गोजाबाईनं जायचं कुठं? माहेरी भावजया दारात उभं करणार नव्हत्या.

"झालं! उचल बिऱ्हाड," नानासाहेब मिशीत हसले.

ते हसू बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांबा भावजी. माजा बी सवाल हाय. गुरवा, कळी लाव."

गुरव नानासाहेबांकडे बघत घुटमळला.

"त्यांच्याकडं काय बघतोस? देवी काय त्यांच्या बापाची हाय?"

बायकांत खसखस पिकली. गुरवानं मुकाट कळी लावली.

"आई, ते शेत माजं हाय का?"

पुन्हा उजवीच पडली.

"खोटा कौल!" नानासाहेब ओरडले.

"खोटा? मग पयला बी खोटा. मी चेटकीण न्हाई, चालले शेतावर. आन् खरा असंल तर दोन्ही खरे. चेटकीण बी मीच, मालकीण बी मीच! बोला, काय पायजे?"

नानासाहेब पाय आपटत घरी गेले. पण खोड जाते थोडीच? दुसऱ्या सकाळी ते नांगर घेऊन तिच्या शेतात शिरलेच. बांधावर उभी राहून गोजाबाई काहीतरी पुटपुटली, आणि दोन्ही बैल मटकन बसले. आसूड तुटला तरी उठेनात.

पाण्याला निघालेल्या बायका बघत थांबल्या होत्या. त्यांतून नानासाहेबांची थोरली सून यशोदा पुढं आली. सासऱ्याच्या देखत तिनं घागर खाली ठेवली आणि गोजाबाईला म्हणाली, "आत्याबाई, ती इद्या मला बी द्या."