चारूच्या सवयींची यादी

रविवार, १९ जानेवारी १९६९. सकाळच्या छोट्या गाडीने भिवापूरहून नानाजी व सासूबाई आले. शोभाला फ्रॉकचे कापड, चारूला पैंजण व दोन परकर. अजबबंगला व महाराजबाग पाहिली. हवा कोरडी. संध्याकाळच्या गाडीने दोघे परत.

वहीत दिवसाची हकिकत एवढीच आहे, आणि खाली रात्रीची एक ओळ. वही टेबलावर उघडी असायची आणि मधुकरराव, म्हणजे माझे पती, ती वाचायचे. म्हणून बाकीचं तेव्हा लिहिलं नाही.

माझ्या सासूबाई रुखमाबाई त्याआधी नागपूरला दोनदाच आल्या होत्या, दोन्ही वेळा माझ्या बाळंतपणाला. घर, म्हशी, मिरचीची तोडणी, यातून नुसतं फिरायला म्हणून त्या कधी कुठे गेल्या नव्हत्या. नानाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, सहलीचं ठरवलं तेव्हा मला आनंदच झाला. मी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि संत्री बांधून घेतली.

अजबबंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, नानाजी शोभाला पेंढा भरलेला वाघ दाखवत होते. "हा मेला हाय, तरी तुह्या बापानं याले पाहून चड्डी ओली केली होती." मधुकररावांसकट सगळे हसले. सासूबाईंचं लक्ष मात्र चारूकडे होतं. चारू माझी धाकटी, चार वर्षांची.

"सकाळी काय खाते वं हे? रात्री दिवा लागते काय तिले? ताप आला त काय देतं?"

आजीची माया म्हणून मी सगळं हौसेनं सांगत गेले. त्या म्हणाल्या, "माह्या ध्यानात राहत नाही. लिहून दे."

लिहून दे म्हटल्यावर मी नाही म्हणणार नव्हते. महाराजबागेत बाकावर बसून आकडे घालून लिहिलं. दूध कोमट, साय काढून. शेंगदाण्याने अंगाला खाज सुटते. अंधारात एकटी जात नाही. झोपताना पदर हातात धरते. अकरा कलमं झाली. कागद हातात देताना लक्षात आलं की सासूबाईंना वाचता येत नाही.

"वाचणार कोण, आई?"

"कौशल्या वाचते."

कौशल्या माझी मोठी जाऊ. तिचं तिसरं मूलही दिवाळीत गेलं होतं.

"मधुकरनं तुले सांगतलं नाही काय?" सासूबाई संत्र्याच्या फोडीतल्या बिया काढत होत्या. "पंधरा दिसाखाली तुह्या सासऱ्याचं पत्र आलं होतं त्याले. त्यानं हो लिवलं. आज पोरीले कौशल्यासाठी घेऊन जाचं हाय."

समोर माकडांच्या पिंजऱ्यापाशी मधुकरराव दोघींना फुटाणे देत होते. पंधरा दिवस हा माणूस रोज माझ्यासमोर जेवायला बसला होता.

"तुम्हाला चालतं हे?"

"खाप्याची गोपिका ठाऊक हाय ना?"

गोपिका खाप्याला राहणाऱ्या नानाजींच्या बहिणीची मुलगी, असं मी समजत होते.

"ते माही हाय. आठ महिन्याची होती, नणदेले देली. मले कोणी इचारलं नाही. आता चार लेकरायची माय हाय ते. येते, पाया पडते, मामी म्हणते." बिया त्यांनी कागदात नीट बांधल्या. "कौशल्या लय जीव लावन पोरीले. नणदेनंही लावला होता."

"मी काय करू, आई?"

"मले काय इचारतं? तू माय हायेस."

इतवारी स्टेशनवर नानाजींनी विचारलं, "पोरीची पिशवी कुठी हाय?"

"चारू येत नाही," मी म्हणाले. नऊ वर्षांत त्यांना मी प्रथमच नाही म्हणत होते. आवाज फार बारीक निघाला.

नानाजींनी मुलाकडे पाहिलं. "तुनं त हो लिवलं होतं गा. कौशल्या नवी खाट घालून वाट पाहून राहिली."

मधुकरराव बुटांकडे पाहत उभे राहिले.

"चल वं बाई, गाडीत बसू," नानाजी म्हणाले, आणि गाडीत बसायचं म्हणून चारू नाचत त्यांच्या बोटाला लागलीही. डब्याच्या पायरीवर तिचा एक पाय होता. सासूबाईंनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं आणि माझ्याकडे ढकललं.

"मीच तिले नाही म्हणाचं सांगतलं. एक पोरगी देली तुमच्या घरात. आता पुरे. बसा गाडीत."

हमाल थांबून ऐकत होते. नानाजी गाडीत जाऊन बसले. सासूबाई त्यांच्यासमोर न बसता बायकांच्या डब्यात गेल्या.

त्यानंतर सहा वर्षं, मरेपर्यंत, नानाजी त्यांच्याशी बोलले नाहीत. त्या वाढायच्या, ते जेवायचे. सासूबाईंनी कधी मला याबद्दल शब्दानं बोल लावला नाही. कौशल्या चारूच्या लग्नाला आली, अक्षता टाकून न जेवता गेली. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. मी न पाहिलेली ती नवी खाट मला पुष्कळदा दिसते. मधुकररावांना मी "का" असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, दादाचं, म्हणजे थोरल्या भावाचं, घर रिकामं होतं. त्यांना तेवढंच कारण पुरेसं होतं.

त्या रात्रीची वहीतली शेवटची ओळ: ह्यांचे अंथरूण बाहेरच्या खोलीत घातले. दोन्ही मुली माझ्याजवळ.